वीज स्वच्छ झाली, पण सिमेंटचं काय?

एप्रिल २०२० आठवतो ना? विमानं जमिनीवर, ऑफिसांना कुलपं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि जो तो खिडकीतून आकाश किती निळं दिसतंय त्याचे फोटो टाकत होता. पृथ्वी श्वास घेतेय वगैरे कॅप्शन. तेव्हा मलाही वाटलं होतं की चला, निदान कार्बनचा आकडा तरी धाडकन पडला असेल. नंतर हिशोब आले. लॉकडाऊन सगळ्यात कडक होता त्या दिवसांत जगाचं रोजचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन आदल्या वर्षाच्या सरासरीपेक्षा साधारण १७ टक्क्यांनी खाली होतं. बस, १७. आणि अख्ख्या वर्षाचा हिशोब लागला तेव्हा घट ५ टक्क्यांच्या जरा वर.

मला त्या १७ पेक्षा उरलेल्या ८३ चं जास्त नवल वाटलं. इतकी माणसं घरात बसलेली, तरी एवढं काय जळत होतं आणि कोणासाठी? उत्तर फार गूढ नाही. वीजकेंद्रं चालू होती कारण घरात बसलेल्या माणसालाही फ्रीज आणि इंटरनेट लागतंच. बहुतेक झोतभट्ट्या, म्हणजे कोळशावर लोखंड गाळणाऱ्या भट्ट्या, धुगधुगत का होईना चालू होत्या, कारण त्या मनात आलं की विझवता येत नाहीत, आतला माल गोठला तर भट्टीच कामातून जायची. खताचे कारखाने चालू होते, गायीगुरं रवंथ करतच होती. आपलं फिरणं थांबलं होतं, वापरणं कुठे थांबलं होतं?

तर मुद्दा असा की कार्बनवरची आपली सगळी चर्चा विजेपाशी सुरू होते आणि विजेपाशीच संपते. कोळसा वाईट, सोलर चांगलं, पवनचक्क्या लावा, दिवे बंद करा. यातलं काही खोटं नाही पण हे अर्धंच आहे. इंधन कुठलं हे जेवढं महत्त्वाचं तेवढंच ते इंधन तिथे नेमकं काय काम करतंय हेही महत्त्वाचं. कोळसाच घ्या. वीजकेंद्रात तो फक्त पाणी उकळतो, वाफेवर टर्बाइन फिरतं, विषय संपला. पोलादाच्या भट्टीत तोच कोळसा (म्हणजे त्याचा भाऊ, कोकिंग कोल) लोखंडाच्या मातीतून ऑक्सिजन ओढून काढायचं काम करतो. पहिल्या कामासाठी त्याला पर्याय आज तयार आहे आणि बऱ्याच ठिकाणी स्वस्तही आहे. दुसऱ्या कामासाठी आहे पण महाग आहे आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी आहे. आणि आपला आरडाओरडा, सरकारी पैसा, टीव्हीवरच्या चर्चा, सगळं पहिल्याच कामाच्या मागे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं अगदीच नाही म्हणणार, कारण आग सोमेश्वरीही लागलीये, पण सगळेच बंब तिकडे कशाला?

आधी हिशोबाची एक गंमत सांगतो, कारण कुठलं क्षेत्र किती धूर (म्हणजे हवा तापवणारे वायू) सोडतं हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. आयपीसीसी म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती, तिच्या सहाव्या अहवालात २०१९ सालचे आकडे आहेत. सगळे हरितगृह वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात बदलून ५९ अब्ज टन. त्यात ऊर्जा क्षेत्र ३४ टक्के, उद्योग २४, शेती-जंगल-जमीन २२, वाहतूक १५ आणि इमारती ६. हे वाचून माणूस म्हणतो, इमारती फक्त ६? मग बिल्डर लोकांना कशाला छळायचं? पण त्याच अहवालात हाच हिशोब दुसऱ्या पद्धतीने पण मांडलाय, वीजकेंद्रातला धूर जो ती वीज वापरतो त्याच्या नावावर टाकायचा. असं केलं की इमारती एकदम १६ टक्क्यांवर जातात आणि उद्योग ३४ वर. धुराचा एक कण इकडचा तिकडे झालेला नाही, फक्त बिल कोणाच्या नावाने फाडायचं ते बदललं. आणि गंमत म्हणजे त्या १६ टक्क्यांत सुद्धा इमारत बांधताना लागलेलं सिमेंट आणि सळया नाहीतच, त्या उद्योगाच्या खात्यात. म्हणजे अजून एक प्रकारे मांडलं तर इमारतींचा आकडा अजून चढेल. त्यामुळे कोणी गोल तक्ता दाखवून "आमचं क्षेत्र फक्त इतके टक्के" म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा, विजेचा धूर कोणाच्या नावावर टाकलाय भाऊ?

देशांचंही तेच. आंतरराष्ट्रीय विमानं आणि जहाजं जे इंधन जाळतात ते कुठल्याच देशाच्या एकूण आकड्यात धरलं जात नाही, वेगळं नोंदवलं जातं. नॉर्वेची वीज बहुतांश पाण्यावरची, २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळजवळ नऊ इलेक्ट्रिक, सगळे कौतुक करतात आणि करावंच. पण समुद्रातून काढलेलं तेल आणि गॅस विकून तो देश गब्बर झालाय आणि ते तेल जिथे जळतं त्या देशाच्या खात्यात पडतं. नियमाप्रमाणे सगळं बरोबर आहे. वातावरणाला मात्र नियम वाचता येत नाहीत.

आता इंधनांकडे. शाळेतली केमिस्ट्री थोडी आठवावी लागेल. कार्बनचं अणुभार १२, ऑक्सिजन १६, म्हणून एक किलो कार्बन पूर्ण जळला की ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एक लिटर पेट्रोल, वजनाला पाऊण किलोच्या आसपास, जाळलं की २.३ किलो वायू बाहेर पडतो. पहिल्यांदा ऐकल्यावर बऱ्याच जणांना पटत नाही, टाकलं त्याच्यापेक्षा जास्त बाहेर कसं येईल, तर बाकीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. कोळशात बहुतेक उष्णता कार्बन जळून येते, गॅसमध्ये (म्हणजे नैसर्गिक वायूत) एका कार्बनमागे चार हायड्रोजन असतात आणि हायड्रोजन जळून नुसतं पाणी होतं, म्हणून तितक्याच उष्णतेसाठी गॅसचा धूर कोळशाच्या जेमतेम ६० टक्के. तेल मधे कुठेतरी. वर गॅसवरची नवी केंद्रं कार्यक्षम पण जास्त, निम्म्याहून जास्त उष्णतेची वीज करतात, कोळशाची बहुतेक केंद्रं ३५ ते ४० टक्क्यांवर अडकतात, बाकी सगळी उष्णता कूलिंग टॉवरमधून आभाळात.

म्हणून आयपीसीसीने २०१४ मध्ये जन्मापासून मरणापर्यंतचा, म्हणजे खाणकाम, बांधकाम, वापर, मोडतोड सगळं धरून हिशोब लावला तेव्हा एका युनिट विजेमागे कोळसा ८२० ग्रॅम, गॅस ४९०, सोलर चाळीस-पन्नासच्या मध्ये, पाणी २४, अणुऊर्जा १२ आणि वारा ११-१२ असे मधले आकडे आले. हे आकडे एकदा नीट बघितले की "सोलर पॅनेल बनवताना पण प्रदूषण होतंच की" हा जो युक्तिवाद प्रत्येक चर्चेत कोणीतरी आणतं त्याचं काय करायचं ते कळतं. होतं, हो. कोळशाच्या सतरा-अठराव्या भागाइतकं होतं.

गॅसबद्दल एक शेपूट मात्र जोडलं पाहिजे. गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि न जळता निसटलेला मिथेन पहिल्या वीस वर्षांत तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा ऐंशी-एक पट जास्त तापवतो. विहिरीपासून बर्नरपर्यंतच्या पाइपलाइनमध्ये थोडेच टक्के जरी गळती झाली तरी कोळशावर मिळवलेली सगळी आघाडी पाण्यात. आणि ही गळती डोळ्याला दिसत नाही, चिमणीतून काळा धूर येत नाही, त्यामुळे गॅसला "स्वच्छ इंधन" म्हणून मिरवता येतं. मला यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही की गळती थांबवणं हे या सगळ्या प्रकरणातलं बहुधा सगळ्यात स्वस्त काम आहे, निसटलेला गॅस हा विकता आला असता असा माल आहे, तरी होत नाही.

अणुऊर्जेवर थोडं वाकडं बोलणार आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७४ मध्ये फ्रान्सने धडाधड अणुभट्ट्या बांधायचं ठरवलं, हवामान वगैरे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं, परदेशी तेलाची भीती होती एवढंच. पण आज त्यांची साधारण दोन तृतीयांश वीज अणुऊर्जेवर आहे आणि त्यांच्या एका युनिटमागचा धूर शेजाऱ्याच्या कितीतरी कमी. शेजारी म्हणजे जर्मनी, ज्यांनी वारा आणि सोलरवर खरोखर जबरदस्त काम केलं आणि मग १५ एप्रिल २०२३ ला आपल्या शेवटच्या तीन चालू अणुभट्ट्या बंद केल्या, कोळशाची केंद्रं चालू असताना. अणुऊर्जेला विरोध करायची कारणं असू शकतात, कचरा आहे, खर्च आहे, बांधायला लागणारी वर्षं आहेत, ती मला मान्य आहेत. पण बांधलेली, पैसे फिटलेली, चालू भट्टी कोळशाच्या आधी बंद करायची हा क्रम मला आजपर्यंत कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

असो. विजेचं गणित एकंदरीत सुटण्यासारखं आहे असं माझं मत आहे. सुटलंय असं नाही म्हणत, ग्रिड, बॅटऱ्या, रात्री एकदम वाढणारी मागणी, सगळ्या भानगडी आहेत. पण मागच्या दशकात सोलर मॉड्यूलची किंमत दहाव्या हिश्शापर्यंत उतरली, २०२३ या एका वर्षात चीनने दोनशे गिगावॅटच्या वर सोलर बसवलं, आणि हाच चीन जगातला निम्म्याहून जास्त कोळसा जाळतो ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. दिशा कळलेली आहे, वेग वाढवायचाय.

अडचण पुढे आहे. जगात माणूस शेवटी जी ऊर्जा वापरतो त्यातली वीज आहे फक्त पाचवा हिस्सा. उरलेलं चार पंचमांश म्हणजे टाकीतलं डिझेल, बॉयलरखालचा कोळसा, भट्टीतला गॅस. म्हणजे उद्या सकाळी जादूने जगातली सगळी वीज स्वच्छ झाली तरी काम अर्धंही संपत नाही. यातलं बरंचसं विजेवर नेता येतं आणि नेलंच पाहिजे. पेट्रोलच्या गाडीत टाकीतल्या ऊर्जेचा पाव हिस्साच कसाबसा चाकापर्यंत जातो, इलेक्ट्रिक गाडीत पाऊण तरी जातो. हीट पंप एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता देतो कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरची आत ढकलतो. त्यामुळे विजेवर गेलो की एकूण ऊर्जाच कमी लागते, आज जाळतोय तेवढी सगळी भरून काढावी लागत नाही, ही खरोखर आनंदाची गोष्ट आहे आणि फार कमी लोकांना माहितीये. आता कार्यक्षमता वाढली की वापर पण वाढतो हे १८६५ मध्येच जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने वाफेच्या इंजिनांबद्दल सांगून ठेवलंय, ते विसरून चालणार नाही, पण ते कारण देऊन हातावर हात धरून बसण्यातही अर्थ नाही.

मग जिथे वीज पोचतच नाही तिथलं काय?

शाळेतला तो प्रयोग आठवा. चुनखडीच्या तुकड्यावर आम्ल टाकायचं, फसफसून वायू निघतो, तो नळीने चुन्याच्या निवळीत सोडायचा आणि निवळी दुधाळ होते. बाई विचारायच्या, कुठला वायू? सगळे एका सुरात ओरडायचे. तर सिमेंटच्या कारखान्यात हाच वायू निघतो, फक्त आम्लाऐवजी उष्णतेने. चुनखडी दळून, मातीबरोबर मिसळून, लांबलचक गोल फिरणाऱ्या भट्टीत घालतात, १४५० अंशांपर्यंत तापवतात, आणि चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन चुना उरतो, त्याचं पुढे क्लिंकर होतं, राखाडी गोळे, ते दळलं की सिमेंट. एक टन शुद्ध चुनखडी तापवली की ४४० किलो वायू दगडातूनच निघतो. दगडातून! भट्टीखाली तुम्ही कोळसा जाळा, गॅस जाळा नाहीतर सोलरची वीज वापरा, हे ४४० किलो निघणारच. सिमेंटच्या एकूण धुरापैकी साधारण ६० टक्के धूर असा दगडातला आहे. जग वर्षाला चार अब्ज टन सिमेंट बनवतं आणि माणसाच्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के याच एका राखाडी पावडरीतून येतात, सगळ्या विमानांच्या मिळून दुपटीहून जास्त. पण विमानातून प्रवास करताना लोकांना अपराधी वाटतं, स्लॅब पडताना पेढे वाटतात.

उपाय नाहीत असं नाही. क्लिंकर कमी घाला हा सगळ्यात सरळ उपाय. वीजकेंद्रातली राख आणि झोतभट्टीतली मळी (लोखंड गाळल्यावर उरणारा स्लॅग) मिसळून सिमेंट बनवायची पद्धत जुनीच आहे. पण बघा कसं सगळं एकमेकात गुंतलंय, कोळशाची वीजकेंद्रं बंद झाली की राख बंद, झोतभट्ट्या बंद झाल्या की मळी बंद, म्हणजे एकीकडचं पुण्य दुसरीकडे नडतं. म्हणून भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणायचं तंत्र आलंय, त्यात धूर तीस ते चाळीस टक्के वाचतो आणि चिकणमाती जगात भरपूर आहे. उरलेला दगडातला वायू पकडून जमिनीखाली पुरणं हा दुसरा उपाय. कार्बन पकडण्याच्या तंत्राबद्दल मी एरवी फार संशयी आहे, कोळशाच्या वीजकेंद्राला हे शेपूट लावणं म्हणजे मेलेल्याला औषध, कारण तिथे सरळ दुसरा मार्ग आहे. पण सिमेंटला दुसरा मार्ग नाही, तिथे ते पटतं. नॉर्वेत ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात २०२५ पासून वर्षाला चार लाख टन वायू पकडायची सोय सुरू झालीये, तो त्या कारखान्याच्या धुराचा साधारण निम्मा. एक कारखाना. जगात हजारो आहेत.

पोलादाची गोष्ट मला एका तारखेतून सांगायला आवडते. ३० सप्टेंबर २०२४. त्या दिवशी ब्रिटनमधलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोअर, बंद झालं. १८८२ मध्ये लंडनला होबर्न व्हायाडक्टला जगातलं पहिलं सार्वजनिक कोळशाचं वीजकेंद्र सुरू झालं होतं, तेव्हापासून १४२ वर्षांची परंपरा तिथे संपली. मोठ्या बातम्या झाल्या, व्हायलाच हव्या होत्या, कारण २०१२ पर्यंत त्या देशाची ४० टक्क्यांच्या आसपास वीज कोळशावर होती आणि बारा वर्षांत शून्य. दिवे गेले का? नाही. त्या रात्री कोणाच्या लक्षातही आलं नाही, बटण दाबलं, उजेड पडला. त्याच दिवशी, अगदी त्याच दिवशी, वेल्समध्ये पोर्ट टॅल्बटला टाटा स्टीलच्या कारखान्यातली शेवटची झोतभट्टी बंद झाली. तिथेही कोळसाच संपला. पण तिथे हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या, भंगार वितळवणारी विजेची भट्टी उभी राहायला अजून काही वर्षं आहेत, आणि तोपर्यंत पोलादाचे स्लॅब बाहेरच्या देशांतून आणायचे आणि तिथे लाटायचे. ब्रिटनचा आकडा दणकून खाली. पण ते स्लॅब ज्या देशात ओतले जातात तिथे झोतभट्टीच पेटलेली असते, वर त्यात जहाजाचं इंधन.

एकच दिवस, एकच इंधन, दोन बंद, आणि काय फरक बघा. एका ठिकाणी कोळसा खरोखर गेला, दुसऱ्या ठिकाणी तो बराचसा बाहेर राहायला गेला. हा फरक "कोळसा हटवा" या घोषणेत कुठेच दिसत नाही.

झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलाद केलं की दोन टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड, भंगार विजेच्या भट्टीत वितळवलं तर त्याच्या कितीतरी कमी. मग सगळं भंगारातूनच का नाही? कारण जगात तेवढं भंगारच नाही. पूल आणि इमारती पन्नास-शंभर वर्षं उभ्या राहतात, त्यातलं लोखंड परत यायला तेवढीच वर्षं. ज्या देशांचं बांधकाम आत्ता कुठे चालू आहे त्यांना "भंगार वितळवा" सांगणं म्हणजे ज्याची विहीरच खणून झाली नाही त्याला पाणी जपून वापर सांगण्यासारखं. तिथे हायड्रोजन हा मार्ग, कार्बनऐवजी हायड्रोजनने ऑक्सिजन ओढायचा, धुराऐवजी पाण्याची वाफ. स्वीडनमध्ये २०२१ मध्ये असं पोलाद बनवून एका वाहन कंपनीला दिलंही. पण एक किलो हायड्रोजन पाण्यातून काढायला पन्नासच्या वर युनिट वीज लागते आणि ती वीज कोळशाची असेल तर सगळं मुसळ केरात. इथे कळतं की स्वच्छ वीज ही पहिली पायरी का आहे. पायरी आहे, गच्ची नाही, एवढंच माझं भांडण.

अॅल्युमिनियम तर हा सगळा वाद एका विटेत दाखवतं. त्याला गमतीने घट्ट झालेली वीज म्हणतात, एका टनाला चौदा हजार युनिटच्या आसपास वीज खातं. कोळशाच्या विजेवर बनवलेली वीट आणि पाण्याच्या विजेवर बनवलेली वीट शेजारी ठेवा, वजन तेच, चकाकी तीच, कुठलाही प्रयोगशाळेवाला ओळखू शकणार नाही, आणि एकीमागचा धूर दुसरीच्या तीन-चार पट. म्हणून तर आइसलँडसारख्या टिचभर देशात, जिथे ना बॉक्साइट ना मोठी बाजारपेठ, अॅल्युमिनियमचे कारखाने उभे राहिले, तिथे नदीची आणि जमिनीतल्या वाफेची वीज आहे म्हणून. पण तिथेही कार्बन शून्य नाही, कारण भट्टीत वीज सोडायला जे कार्बनचे ठोकळे वापरतात ते स्वतःच जळत जातात, १८८६ पासून पद्धत तीच.

खताचं थोडक्यात. नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढायचा, हवेतल्या नायट्रोजनशी जोडून अमोनिया करायचा, जगातली साधारण निम्मी माणसं या रसायनावर पिकलेल्या अन्नावर जगतात. इथे गॅस हा इंधन कमी आणि कच्चा माल जास्त. युरियात तर कारखान्यात निघालेला कार्बन डायऑक्साइड परत घातला जातो, कागदावर छान दिसतं, शेतात टाकल्यावर तो पुन्हा हवेत जातो. शिवाय जमिनीत जिरलेल्या खतातून नायट्रस ऑक्साइड निघतो, त्याची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट. भातखाचरातला आणि जनावरांच्या पोटातला मिथेन वेगळाच. हा सगळा भाग ऊर्जेचा नाहीच, इथे कितीही पवनचक्क्या लावल्या तरी गायीला फरक पडत नाही. या विषयावर वेगळं लिहायला हवं, इथे घुसलो तर बाहेर यायचो नाही.

आता मुद्द्याचं, करायचं काय आणि कोणी. वैयक्तिक कार्बन फूटप्रिंट, म्हणजे एकेका माणसाच्या वाट्याला येणारा धूर, ही कल्पना लोकप्रिय करण्यात एका तेल कंपनीचा, बीपीचा, मोठा हात होता. २००० नंतरच्या दशकात त्यांनी लोकांना स्वतःचा फूटप्रिंट मोजायला कॅल्क्युलेटर दिला. मी स्वतः असला कॅल्क्युलेटर भरलाय, गाडी किती चालवता, मांस खाता का, विमानाने जाता का. सिमेंटबद्दल एक प्रश्न नाही. आणि असणार तरी कसा, मी काय दुकानात जाऊन कमी क्लिंकरचं धरण मागू? घरातले दिवे बंद करा, जरूर करा, पण झोतभट्टीत काय घालायचं हे ना मी ठरवतो ना तुम्ही. डेटा सेंटर किती वीज खातात यावरून सध्या जो गोंधळ चाललाय त्याचंही तसंच, २०२४ मध्ये जगाच्या विजेतला त्यांचा वाटा दीड टक्का होता. वाढतोय जोरात, लक्ष ठेवायलाच हवं, पण सिमेंटवर याच्या दहावा हिस्सा तरी बोललात का कधी?

ठरवणारं एक गिऱ्हाईक मात्र आहे आणि ते म्हणजे सरकार. कुठलंही सरकार. पूल, रस्ते, धरणं, बंदरं, मेट्रो, सरकारी इमारती, यात ओतलं जाणारं सिमेंट आणि पोलाद बघितलं तर सरकारपेक्षा मोठं गिऱ्हाईक शोधून सापडायचं नाही. आणि बऱ्याच ठिकाणी टेंडरमध्ये अजूनही असं लिहिलेलं असतं की अमुक प्रकारचंच सिमेंट इतक्या किलोने घाला. त्याऐवजी इतकी ताकद हवी, इतकी वर्षं टिकायला हवं आणि टनामागे धूर इतक्याच्या आत हवा एवढं लिहा, बाकी कसं करायचं ते बनवणारा बघेल. महाग पडेल? पडेल. पण सिमेंट दुप्पट महाग झालं तरी अख्ख्या इमारतीचा खर्च थोड्याच टक्क्यांनी वाढतो, कारण बाकी खर्च जमीन, मजुरी, फिटिंगचा. कारखानदाराला तोच भाव एकट्याने झेपत नाही, शेजारचा स्वस्त विकतो आणि हा बुडतो. म्हणून नियम सगळ्यांना एकदम लागला पाहिजे.

युरोपने १ जानेवारी २०२६ पासून सीमेवरचा कार्बन कर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर तो बनवताना निघालेल्या धुराप्रमाणे कर, खऱ्या अर्थाने लागू केलाय तो याच विचाराने, आणि त्यात आलेले माल बघा, सिमेंट, लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, खत, हायड्रोजन, वीज. म्हणजे वर जे सगळं रडगाणं गायलं तीच यादी. यावर गरीब देशांची ओरड आहे की आधी दोनशे वर्षं तुम्ही धूर सोडून श्रीमंत झालात आणि आता आमच्या मालावर कर लावता. ओरड खरी आहे. मला वाटतं तो गोळा केलेला पैसा त्याच देशांच्या भट्ट्या बदलायला परत दिला पाहिजे, नाहीतर हा नुसता जकातनाका होईल. पण त्या करामुळे एक झालं, जो निर्यातदार कधी टनामागे धूर मोजत नव्हता तो मीटर लावून बसलाय. मोजल्याशिवाय काही कमी होत नाही हे मान्य असेल तर एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

काही मित्र म्हणतात, आधी वीज तर पूर्ण स्वच्छ होऊ दे, मग बघू बाकीचं. ऐकायला बरोबर वाटतं, पण भट्ट्यांचं घड्याळ वेगळं चालतं. सोलर पॅनेल आज नाही लावलं तर पुढच्या महिन्यात लावता येतं. झोतभट्टीच्या आतलं विटांचं अस्तर पंधरा-वीस वर्षांनी बदलायला येतं, तेव्हा भट्टी थंड करतात, माणसं आत उतरतात, जुन्या झिजलेल्या विटा काढून नव्या लावतात, काही महिने हे काम चालतं आणि मग ती पुन्हा पेटवली की पुढची पंधरा-वीस वर्षं विझवत नाहीत, लॉकडाऊन आला तरी. येत्या काही वर्षांत जगातल्या बऱ्याच भट्ट्या या टप्प्याला येतायत. २०२७ मध्ये अस्तर बदललेली भट्टी २०४५ मध्येही कोळसा खात असेल, आणि त्या विटांची ऑर्डर आत्ता कोणाच्या तरी टेबलावर सहीसाठी पडलेली असेल.